केसपेपर

मिरजेच्या दवाखान्यात कंपाउंडर ओरडतो, "अभिनंदन!"
आणि बाकावरच्या दोन म्हाताऱ्या मान वळवून बघतात,
कुणाचं, कशाबद्दल.
माझंच. अभिनंदन मगदूम, वय बत्तीस,
मुक्काम तासगाव, खतं-औषधांचं दुकान.
हे नाव घेऊन उठणं
इतकं अवघड कधी गेलं नव्हतं.

"केस कशाची?" तो काउंटरवरूनच विचारतो.
केसांचीच, दादा, असं ओठांवर आलं होतं.
म्हटलं, आत सांगतो.
त्यानं केसपेपरवर तेवढा रकाना रिकामा ठेवला.
शेजारी थायरॉइडच्या बायका, शुगरचे आजोबा,
उंची न वाढणारी एक मुलगी,
आणि मी, मे महिन्यात दोन बनियन घातलेला.

सुरुवात टाळूपासून.
आधी रुपयाएवढी जागा, मग दहाच्या नाण्याएवढी.
मेव्हण्याच्या लग्नातल्या एका फोटोत
पाठमोरे वडील दिसले.
वडील त्या लग्नाला आलेच नव्हते.

सांगलीत कटिंग करणाऱ्या पोरानं
बिलाच्या पाठीवर गोळीचं नाव लिहून दिलं. रोज एक.
घेत राहिलो चौदा महिने,
दुधाचा रतीब लावल्यासारखी.

केस गळायचे थांबले. खोटं कशाला बोलू, थांबले.
मग एकदा शर्टाचं बटण लावताना डावीकडं दुखलं.
आत काहीतरी होतं,
कच्च्या द्राक्षमण्याएवढं, कडक.
पोतं छातीशी धरून उचलणं सोडलं,
विहिरीवर पोहायला जाणं सोडलं,
आणि रात्री
पद्मजाकडं पाठ करून झोपू लागलो.
वाटायचं, तिला झोप लागलीय.
ती जागी असायची,
हे तिनं फार नंतर सांगितलं.

दुकानात मी काय विकतो?
संजीवकं.
घड कधी बुडवायचे, मणी कसे फुगवायचे,
किती लिटरला किती ग्रॅम, सगळं तोंडपाठ.
कुणी म्हणालं, पानं पिवळी पडल्यात, द्या काहीतरी,
तर मी सरळ सांगतो, पान आणा.
बघितल्याशिवाय बाटली काढत नाही.

गोळ्यांचं पाकीट पद्मजाला सापडलं
वजनाच्या दाखल्याखाली, ड्रॉवरमध्ये.
आरडाओरडा नाही. तव्यावर भाकरी करपत होती
आणि ती पाकिटावरचं बारीक छापलेलं वाचत होती.
"लोकांना पान आणा म्हणता," ती म्हणाली,
"तुम्ही कुणाला दाखवलं?"

डॉक्टरीणबाई माझ्या मावशीच्या वयाच्या.
पडदा ओढला, हात धुतले,
"हात गार आहेत हं," म्हणाल्या, आणि दोन बोटांनी
तो मणी शोधला.
हसल्या नाहीत.
इतके महिने मी त्या हसण्याचीच तयारी करत होतो.
"झोप लागते? उदास वाटतं? संबंधाची इच्छा?"
सगळं एकाच सुरात, ताप-खोकला विचारावा तसं.
दोन उत्तरं दिली.
तिसऱ्याला नुसती मान.

गोळी आजपासून बंद. रक्त उद्या, उपाशीपोटी.
सोनोग्राफी खालच्या मजल्यावर.
"जाईल हे?"
"बऱ्याच जणांचं ओसरतं. कधी थोडं राहतं.
रिपोर्ट बघू. तारीख मी देणार नाही."
तारीख न देणाऱ्या माणसावर
का कोण जाणे, माझा विश्वास बसला.
"आणि केस?"
"ते बहुतेक परत गळायला लागतील,"
असं म्हणून त्यांनी रिकामा रकाना भरला.
अक्षर मला लागलं नाही.

बाहेर पद्मजा, उसाच्या रसाचे दोन ग्लास हातात,
एकातला बर्फ विरघळून गेलेला.
"काय म्हणाल्या?"
मी पहिल्यापासून सांगू लागलो,
कंपाउंडर, म्हाताऱ्या, गार हात.
सांगत सांगत तिसऱ्या प्रश्नापाशी आलो.
तासगावची एसटी लागली, भरली, गेली.
पुढची यायला
अर्धा तास तरी होता.